दोन वायरी, एकच पूल: सर्व्हरचं बॅकअप कनेक्शन खरंच चालतं का?

शहागडहून बोलतोय, गोदावरीच्या काठावरून. दिवसभर कोड लिहितो, अधूनमधून रात्रीच्या ड्युटीत सर्व्हर सांभाळतो, आणि त्यातून वेळ मिळाला की तुमच्याशी गप्पा मारतो. आजचा विषय वायरींचा आहे. ऐकायला कोरडा वाटेल, पण तुमच्यातले जे डिप्लोमा, बीसीए, बीटेक करून पुण्यात नाहीतर संभाजीनगरात पहिल्या नोकरीला लागणार आहेत, त्यांना नाइट शिफ्टमध्ये हा विषय भेटणार म्हणजे भेटणारच.

विषय असा. सर्व्हरला एक नेटवर्क वायर असते. ती तुटली तर? म्हणून आपण दुसरी लावतो. एक गेली तर दुसरी काम करेल. कागदावर एकदम मस्त. मग एके रात्री एक वायर जाते, आणि तरीही सगळं बंद पडतं. दुसरी वायर तिथंच असते, लाइट लागलेला असतो, आणि तरीही सर्व्हर गायब! असं का होतं आणि ते शोधायचं कसं, हे आज बघू.

आणि हे फक्त इंजिनिअर लोकांचं दुखणं नाही बरं का. तालुक्याच्या बँकेत "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. रांगेतल्या माणसाने त्या दिवसाचा रोज बुडवलेला असतो, वर एसटीचं भाडं. त्या वाक्यामागे कुठंतरी एक वायर असू शकते, आणि तिच्या शेजारी कधीच तपासून न बघितलेली दुसरी वायर.

विहिरीवरच्या दोन मोटारी

आपल्याकडे कुणालाही समजेल असं उदाहरण घेऊ. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या. एक जळाली तर दुसरी चालेल. पण दोन्ही एकाच डीपीवर. डीपी जळाली की दोन्ही बंद. म्हणजे तुम्ही पैसे दोन मोटारींचे घातले आणि भरवसा मात्र एकाच डीपीवर टाकला.

सर्व्हरमध्ये हेच होतं. दोन पोर्ट, पण दोन्ही एकाच कार्डवर. कार्ड गेलं, दोन्ही गेले. कार्डं वेगळी, पण दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये. स्विच गेला, दोन्ही गेल्या. स्विच वेगळे, पण दोघांचा प्लग एकाच पॉवर स्ट्रिपमध्ये. म्हणून पहिला प्रश्न "वायरी किती?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "दोन्ही एकदम मरतील अशी एखादी जागा मध्ये आहे का?"

दुसरी गोष्ट. स्टार्टरचा लाइट लागलाय, मोटारीचा आवाज येतोय, आणि पाइपातून पाणी नाही. फूटव्हॉल्व्ह गळतोय, हवा धरलीय, काहीही असेल. शेतकरी स्टार्टरचा लाइट बघून परत येत नाही, तो पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघतो. सर्व्हरच्या बाबतीत मात्र भलेभले लाइट बघून परत येतात. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

मुंबईत काय झालं होतं

आता खरी घटना. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारावरचे व्यवहार थांबले. परत सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. मधले चार तास, ज्यांनी सकाळी इंट्राडे सौदे घेतले होते, त्यांचा जीव टांगणीला.

एनएसईने त्या दिवशी कारण काय दिलं? त्यांच्याकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या मिळून अनेक लिंक होत्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणूनच. आणि दोन्ही कंपन्यांनी कळवलं की आमच्या लिंकमध्ये अडचण आहे. एकाच वेळी दोन्ही! पुढे मार्चमध्ये खुलासा आला. मुख्य सेंटर आणि जवळचं बॅकअप सेंटर यांच्या मधल्या रस्त्यावर खोदकाम-बांधकाम चालू होतं, त्यामुळे लिंक अस्थिर झाल्या. त्यात डेटा साठवणाऱ्या स्टोरेज यंत्रणेने असल्या वेळी जसं वागायला हवं होतं तसं ती वागली नाही. मग सौद्यांची जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि ती नसताना बाजार चालवणं म्हणजे डोळे झाकून गाडी चालवणं. म्हणून बाजारच थांबवला. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने सेबीकडे हे प्रकरण ७२ कोटींहून जास्त रक्कम भरून मिटवलं.

यातून दोन गोष्टी घ्या.

पहिली. कंपन्या दोन होत्या, पण घाव एकाच वेळी दोघींवर बसला. आपल्या शहागडच्या माणसाला हे चटकन कळेल. इथून गेवराईला जायला एसटी आहे, एसटी चुकली तर जीप आहे. पण दोन्ही जाणार गोदावरीच्या पुलावरूनच. पूल बंद झाला तर तुमच्या हातात एसटीचं तिकीट आहे की जीपचं, याला काही अर्थ उरत नाही. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेताना विचारायचा प्रश्न हाच. गाडी कुणाची ते नंतर, आधी पूल कोणता?

दुसरी. लिंक "तुटल्या" असं म्हटलेलं नाही, "अस्थिर" झाल्या असं म्हटलंय. पूर्ण मेलेली लिंक परवडते, कारण सिस्टिमला लगेच कळतं आणि ती दुसरीकडे वळते. अर्धमेली लिंक फार वाईट. ती येते, जाते, परत येते. तुमची यंत्रणा ठरवूच शकत नाही की हिच्यावर भरवसा ठेवायचा का नाही.

बाँडिंग म्हणजे नेमकं काय

आता आपल्या सर्व्हरवर येऊ. लिनक्समध्ये दोन पोर्ट एकत्र बांधून त्यांचा एक पोर्ट दाखवतात, त्याला बाँडिंग म्हणतात. विंडोज सर्व्हरमध्ये यालाच एनआयसी टीमिंग म्हणतात. आयपी ॲड्रेस मिळतो त्या बांधलेल्या जोडीला, सुट्या पोर्टला नाही.

इथं नवीन मुलांचा एक घोळ ठरलेला. ते बाँड करत नाहीत. दोन पोर्टना एकाच नेटवर्कमधले दोन वेगळे आयपी देतात आणि म्हणतात, झालं बॅकअप. ते बॅकअप नाही. पहिली वायर गेली की पहिल्या आयपीवर बोलणारे सगळे तुटले, त्यांना दुसरा आयपी माहितीच नाही. वरून लिनक्सची एक सवय आहे. एका पोर्टच्या आयपीबद्दल विचारणा आली तर दुसरा पोर्टही उत्तर देऊन टाकतो. प्रश्न एका दारातून येतो, उत्तर दुसऱ्या दारातून जातं, आणि मध्येच कडक फिल्टर असेल तर पॅकेट गुपचूप फेकलं जातं. "कधी चालतं, कधी चालत नाही" अशी तक्रार आली की आधी हे बघा.

बाँडिंगचे सात मोड आहेत, शून्य ते सहा. रोजच्या कामात दोन लक्षात ठेवा.

एक, ॲक्टिव्ह-बॅकअप. एक पोर्ट काम करतो, दुसरा बाकावर बसलेला राखीव खेळाडू. स्विचवर काही वेगळं सेटिंग लागत नाही, आणि दोन वायरी दोन स्वतंत्र स्विचमध्ये टाकता येतात. भरवसा हवा असेल तर हा साधा मोड उत्तम.

दोन, एलएसीपी, म्हणजे ८०२.३ एडी. दोन्ही पोर्ट एकदम काम करतात, पण स्विचलाही ते मान्य असावं लागतं, त्याच्याशी बोलणी करावी लागतात. आणि दोन वेगळ्या स्विचवर हे करायचं असेल तर ते दोन स्विच एकमेकांशी जोडी करून एकच असल्यासारखे वागणारे लागतात. एक गैरसमज इथंच काढून टाका. १ गिगाबिटच्या दोन वायरी बांधल्या म्हणजे एक फाइल २ गिगाबिटने उतरत नाही. एक कनेक्शन एकाच वायरीवरून जातं. अनेक लोक एकदम वापरत असतील तेव्हा फायदा दिसतो.

लाइट बघायचा की पाणी?

वायर मेली हे बाँडला कळतं कसं? दोन पद्धती. पहिली एमआयआय मॉनिटर. ही ठराविक वेळाने विचारते, "पोर्टची लिंक आहे का?" साधारण दर १०० मिलिसेकंदांनी विचारा, असं लिनक्सच्या कागदपत्रांत सुचवलंय. पण सेटिंग लिहिलंच नाही तर ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये ही किंमत शून्य राहते, आणि शून्य म्हणजे तपासणी बंद. म्हणजे राखीव खेळाडू बाकावर बसलाय आणि मैदानातला पडलाय, हे त्याला सांगणारा कुणीच नाही. वायर निघाली तरी सर्व्हर मेलेल्या पोर्टवरच पॅकेट ढकलत बसतो. "दुसरी वायर असूनही बंद" या तक्रारीत सगळ्यात आधी हे तपासा.

दुसरी पद्धत एआरपी मॉनिटर. ही लाइट बघत नाही, ही पाइपाच्या तोंडाशी जाते. गेटवेसारख्या एखाद्या पत्त्याला "आहेस का?" असं विचारते आणि उत्तर येतं का ते बघते. समजा तुमचा स्विच जिवंत आहे, पण त्या स्विचची पुढची वायर तुटलीय. एमआयआय म्हणेल सगळं ठीक, कारण सर्व्हर ते स्विच लिंक आहेच. मोटार चालू, पाणी नाही. एआरपी मॉनिटर मात्र पकडेल. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये ही पद्धत चालते, एलएसीपीसोबत चालत नाही. आणि दोन्ही पद्धती एकदम लावायच्या नसतात, एकच निवडायची.

रात्री दोनला फोन आला तर

आता क्रमाने शोधायचं कसं ते सांगतो. खालून वर जायचं.

आधी वायर आणि लाइट. मग इथटूल नावाच्या कमांडने प्रत्येक पोर्टचा वेग बघा. एक पोर्ट १००० वर आणि दुसरा १०० वर दिसला, तर वायरीतली एखादी जोडी तुटलेली असू शकते, किंवा क्लिप सैल. एरर मोजणारे आकडेही बघा. एकदा बघा, मिनिटभराने परत बघा. वाढत असतील तर वायर, कनेक्टर, पोर्ट यातलं काहीतरी आजारी आहे.

मग प्रॉक फोल्डरमधली बाँडिंगची फाइल उघडा. अर्धं उत्तर तिथंच असतं. मोड कोणता, सध्या कोणता पोर्ट काम करतोय, प्रत्येकाची एमआयआय स्थिती काय, आणि लिंक फेल्युअर काउंट, म्हणजे हा पोर्ट आजवर किती वेळा पडला. काउंट एक-दोन असेल तर कुणीतरी वायर काढली असेल. काउंट शेकड्यात असेल तर ती अर्धमेली लिंक आहे. दोन्ही पोर्टचा मॅक ॲड्रेस एकच दिसला तर घाबरू नका, बाँड सहसा एकच मॅक सगळ्यांना देतो. खरा मॅक त्याच फाइलमध्ये वेगळा लिहिलेला असतो.

एलएसीपी असेल तर त्याच फाइलमध्ये आणखी दोन ओळी. पार्टनरचा मॅक सगळा शून्य दिसत असेल तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाहीये. आणि दोन पोर्टचे ॲग्रीगेटर क्रमांक वेगवेगळे असतील तर जोडी जमलेलीच नाही, दोघं वेगवेगळ्या संसारात आहेत.

सर्व्हरकडून सगळं ठीक दिसलं, तर स्विचकडे जा. स्विच आठवणीत ठेवतो की कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे. ही आठवण बऱ्याच स्विचमध्ये ३०० सेकंद टिकते. वायर बदलली की बाँड स्वतःहून एक घोषणा पाठवतो, "मी आता या दारात आहे." ही घोषणा कुठं अडली, तर स्विच जुन्याच दारात पॅकेट टाकत राहू शकतो. "पाच मिनिटं बंद होतं, मग आपोआप चालू झालं" अशी तक्रार आली की हा धागा पकडा.

आणि एक गंमत, जी कळायला अनुभव लागतो. कधी कधी वायर जाते तेव्हा काहीच होत नाही, वायर परत येते तेव्हा सर्व्हर गायब होतो! कारण असं. तुम्ही एका पोर्टला मुख्य ठरवलेलं असतं. त्याचा स्विच रीस्टार्ट होऊन परत येतो, लाइट लागतो, आणि बाँड लगेच उडी मारून मुख्य पोर्टवर जातो. पण जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये स्विच नुकत्याच आलेल्या पोर्टला साधारण ३० सेकंद पॅकेट पुढे नेऊ देत नाही. ते ३० सेकंद तुम्ही बंद. उपाय: बाँडमध्ये अपडिले लावा, म्हणजे लिंक आली तरी थोडं थांब. नाहीतर स्विचच्या त्या पोर्टवर पोर्टफास्ट लावा. नाहीतर सांगून टाका की दुसरा पोर्ट नीट चालतोय तोवर उगाच परत येऊ नकोस.

गुपचूप मेलेला राखीव खेळाडू

मी बघितलेली एक केस सांगतो, नाव-गाव नाही घेत. सर्व्हर रात्री बंद पडला. स्विच जळाला होता. पण दोन स्विचवर दोन वायरी होत्या, मग? फाइल उघडली तर दुसरा पोर्ट डाऊन. लॉग मागे मागे नेत गेलो, तर तो कित्येक महिने डाऊन होता. रॅकमधली मांडणी बदलताना ती वायर निघाली आणि परत लागलीच नाही. कुणाला कळलं नाही, कारण डॅशबोर्ड बघत होता फक्त बाँड. आणि बाँड तर एका पायावरही "अप" असतो! इतके महिने सगळे जण हिरवा ठिपका बघून निवांत झोपत होते.

म्हणून बाँड अप आहे का, एवढं बघून भागत नाही. बाँडमध्ये पोर्ट किती असायला हवेत आणि चालू किती आहेत, हे बघा. प्रोमिथिअस वापरत असाल तर त्याच्या नोड एक्स्पोर्टरमध्ये हे दोन्ही आकडे तयार मिळतात. चालू पोर्ट एकूणपेक्षा कमी झाले की अलार्म. राखीव खेळाडू मेल्याची बातमी त्याच दिवशी कळली पाहिजे, मुख्य खेळाडू पडल्यावर कळून उपयोग नाही.

वायर उपटून बघा

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बॅकअप चालतो का, याचं खरं उत्तर सेटिंगच्या फाइलमध्ये नसतं. वायर उपटल्यावरच ते कळतं. न तपासलेला बॅकअप म्हणजे फक्त एक आशा आहे.

तपासायचं कसं? आधी सगळ्यांना सांगून वेळ ठरवा. सर्व्हरचा वेगळा कन्सोल हाताशी ठेवा, म्हणजे नेटवर्क गेलं तरी आत जाता येईल. इथटूलमध्ये पोर्टचा लाइट लुकलुकवायची सोय आहे, तिने योग्य पोर्ट ओळखा. दुसऱ्या मशीनवरून पिंग चालू ठेवा. मग पहिली वायर खरोखर हाताने काढा. कमांडने पोर्ट बंद करणं आणि वायर निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती पिंग चुकले ते मोजा. वायर परत लावा, आणि तेव्हाही मोजा, कारण मघाची ती ३० सेकंदांची गंमत. मग दुसऱ्या वायरीचं हेच. शेवटी एक पूर्ण स्विच बंद करून बघा.

भीती वाटते ना? चालत्या सर्व्हरची वायर काढायची म्हणजे कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण हे देशाच्या पातळीवर करतात. २ मार्च २०२४, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी शेअर बाजार खास उघडला होता. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य सेंटरवरून, आणि साडेअकरा ते साडेबारा बॅकअप सेंटरवरून. खरे सौदे, खरे पैसे. का? तर अडचण आली तर बॅकअपवर जाता येतं, हे करून बघायचं होतं म्हणून. बाजार एवढं करू शकतो, तर आपण महिन्यातून एकदा, गर्दी नसलेल्या वेळी, एक वायर काढून बघू शकतो की नाही?

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या हाताखाली एखादा सर्व्हर असेल तर बाँडिंगची ती फाइल एकदा उघडून बघा, दोन्ही पोर्ट जिवंत आहेत का एवढंच. सर्व्हर नसेल, कॉलेजात असाल, तर लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बनवा, त्याला दोन नेटवर्क कार्डं द्या, बाँड करा, आणि एकेक कार्ड तोडून बघा. फुकट आहे, आणि मुलाखतीत पाठ केलेल्या सात मोडपेक्षा "मी तोडून बघितलंय" हे वाक्य जास्त वजनदार ठरतं.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि दुसऱ्या वायरीचीही घ्या. जय महाराष्ट्र!